टॉम धावतो तो मेंदूत

जुन्या कार्टून लघुपटांच्या इतिहासावरचा एक माहितीपट परवा पाहिला. विन्सर मॅकेची १९१४ ची डायनासोर गर्टी, १९२८ मध्ये आवाजासकट अवतरलेला मिकी, १९४० पासूनचे टॉम आणि जेरी, सगळं झकास. फक्त चित्रं हलतात कशी, या प्रश्नाला निवेदकानं शाळेतलंच उत्तर दिलं: दृष्टिसातत्य. प्रतिमा डोळ्यात १/१६ सेकंद टिकते, म्हणून एक चित्र दुसऱ्यात मिसळतं.

अंधारात पेटती उदबत्ती गरगर फिरवून बघा. लाल कडं दिसतं, हे दृष्टिसातत्य. पण ते कडं जागच्या जागी असतं. टॉमच्या बाबतीत एवढंच घडलं असतं तर पडद्यावर नुसता करडा फराटा उमटला असता, मांजर धावलं नसतं. प्रोजेक्टरची झडप दर फ्रेम दोनदा दाखवते, त्यामुळे लुकलुक जाणवत नाही. दृष्टिसातत्याचं काम साधारण इथपर्यंतच.

गती मेंदू बनवतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरनं १९१२ मध्ये दोन रेषा आळीपाळीनं दाखवल्या. मधलं अंतर सेकंदाच्या तीस हजारांशांइतकं (०.०३ सेकंद) असेल तर दोन्ही एकदम दिसतात, दोनशे हजारांश असेल तर एकीमागून एक. साठच्या आसपास मात्र एकच रेषा सरकल्याचा भास होतो! म्हणजे 'ही तीच वस्तू, आता इथे आली' अशी जुळणी मेंदू परस्पर करून टाकतो. दृष्टिकेंद्राजवळचा व्ही-५ हा भाग यात महत्त्वाचा.

कार्टूनवाल्यांनी हे हातानं ओळखलं होतं. सेकंदाला २४ फ्रेम, पण बरेचदा एकच चित्र दोन फ्रेम टिकवायचं. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येक सुमारे ८३ हजारांश सेकंद. सात मिनिटांच्या लघुपटाला एका पात्राची पाच हजार चित्रं! पात्र वेगात असलं की लागोपाठच्या दोन चित्रांत इतकं अंतर पडतं की मेंदूची जुळणी तुटते आणि हालचाल अडखळते. उपाय? मधल्या चित्रात पात्र ताणून टाकायचं, म्हणजे त्याचा आकार आधीच्या आणि नंतरच्या जागेला भिडतो. कार्टून-दिग्दर्शक चक जोन्सच्या १९४२ च्या 'द डोव्हर बॉइज'मध्ये एका जागेवरून दुसरीकडे जाताना माणसं अक्षरशः रंगाचे पट्टे होतात. फ्रेम थांबवून बघा, हास्यास्पद दिसतं. चालू केलं की सुळकन् जाणारा माणूस.

याच विषयाला चिकटलेली एक भाकड गोष्ट: सिनेमात क्षणभर 'पॉपकॉर्न खा' झळकवलं की लोक दुकानाकडे धावतात, असा जाहिरात-संशोधक जेम्स व्हिकारीचा १९५७ चा दावा. पुढे त्यानंच तो फोल असल्याचं कबूल केलं, तरी तो अजून फॉरवर्ड होत असतो.

त्याच १९५७ मध्ये टॉम-जेरी काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओनं आपला कार्टून विभाग बंद केला. टॉम-जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे पैसे तुटपुंजे, म्हणून चित्रं कमी: धड स्थिर, फक्त ओठ हलणार. त्या मालिका मला कधीच आवडल्या नाहीत.