हद्दीबाहेरची मुंबई

१३ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. २०३० पर्यंत तापमान वाढवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० साली निव्वळ शून्य (म्हणजे जेवढं सोडलं तेवढं शोषलंही गेलं), असं त्याचं वेळापत्रक. देशाने स्वतःसाठी २०७० साल धरलंय, म्हणजे मुंबई वीस वर्षं आधी पोचणार. बातम्या या शून्याच्याच झाल्या. मला त्यातला दुसराच एक आकडा जास्त बोलका वाटतो. २०१९ साली दर मुंबईकरामागे वर्षाला सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे. लोकलला लोंबकळत कामावर जाणाऱ्या आणि दीड खोलीत राहणाऱ्या माणसांच्या शहराला शोभेलसाच हा आकडा आहे. पण तो इतका लहान असण्यात हिशेबाच्या रीतीचाही वाटा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय कुठल्याही शहराचा आराखडा नीट वाचता येत नाही.

शहरांनी उत्सर्जन कसं मोजावं याची एक जागतिक पद्धत २०१४ पासून रूढ झाली. तिच्यात तीन वर्तुळं आहेत. हद्दीच्या आत जे जळतं ते पहिल्यात: गाड्यांचं पेट्रोल-डिझेल, घरातला गॅस. हद्दीच्या आत वापरलेली वीज दुसऱ्यात, मग तिच्यासाठी कोळसा कुठेही जळलेला असो. बाकी सगळं तिसऱ्यात: बाहेरून येणारं सिमेंट, पोलाद, धान्य, दूध. बहुतेक शहरांचे हिशेब पहिल्या दोन वर्तुळांशी आणि कचऱ्यापाशी थांबतात. मुंबईचाही साधारण तसाच. परळ-वरळीत टॉवर उभा राहतो, त्याचं सिमेंट चंद्रपूरच्या भट्टीत भाजलं गेलं तर तो धूर चंद्रपूरचा. यात लबाडी नाही. सगळ्यांनी सगळं मोजलं तर एकच टन चार वह्यांत चढेल. पण हद्दीची रेघ कुठे मारली यावर शहर किती स्वच्छ दिसेल ते ठरतं, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आता वीज. मुंबईच्या एकूण उत्सर्जनातला ७० टक्क्यांहून थोडा अधिक वाटा ऊर्जेचा आहे, म्हणजे मुख्यतः इमारतींत वापरल्या जाणाऱ्या विजेचा. वाहतुकीचा सुमारे २० टक्के, उरलेला कचऱ्याचा. आणि ही वीज जवळजवळ सगळी कोळशाची. कोळसा जळतो ट्रॉम्बेला, डहाणूला आणि त्याहून लांब. महापालिकेच्या हातात यातलं काय आहे? शहर भागात वीज वाटणारी बेस्ट हा तिचाच उपक्रम, पण उपनगरांतला बहुतेक वीजपुरवठा खासगी कंपन्यांकडे आणि दर ठरवणारा आयोग राज्याचा. शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. शहराबाहेरून वीज आत आणणाऱ्या पारेषण वाहिन्यांची ताकद वर्षानुवर्षं अपुरी होती. राजस्थानात किंवा साताऱ्यात कितीही सौर-पवन ऊर्जा तयार झाली तरी ती मुंबईत शिरायला वाट हवी. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दिवे गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना कळली. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची (किलोव्होल्ट) पारेषण वाहिनी सुरू झाली. हवामान आराखड्याच्या चर्चेत तिचं नाव क्वचितच येतं. माझ्या मते झाडं लावण्याच्या दहा मोहिमांपेक्षा तिला जास्त महत्त्व आहे.

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मुंबईची वीज कोळशाची नव्हती. १९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, मग भिवपुरी, मग १९२७ साली भिरा, आणि सह्याद्रीतल्या पाण्यावर गिरण्या चालू लागल्या. आजच्या भाषेत अगदी हरित ऊर्जा. पण भिऱ्याला पाणी देणारं मुळशीचं धरण ज्यांच्या जमिनींवर उभं राहिलं, त्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. कार्बनच्या वहीत त्या गावांसाठी रकानाच नाही.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळतं आणि ते सात तलावांतून येतं. त्यातले विहार आणि तुळशी शहरातच आहेत, पण त्यांचा वाटा नगण्य. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि एकटीच निम्म्याच्या आसपास भार उचलणारी भातसा ही सगळी बाहेरची. त्यातल्या भातसा आणि तानसाच्या शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर जातात. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२० पासून ग्रामपंचायतींना आणि शहरांना पंचमहाभूतांच्या नावाने गुण मिळतात, पण ते ज्याला त्याला आपापल्या हद्दीतल्या कामाचे. धरणाच्या काठच्या गावाचं आणि नळाच्या टोकाच्या शहराचं एकत्र प्रगतिपुस्तक कुणी काढत नाही.

आणि याच वाटेवर पुढचं धरण येऊ घातलंय: वाडा तालुक्यातलं गारगाई, रोज ४४ कोटी लिटर पाणी देणारं. त्यासाठी गावं हलणार, तानसा अभयारण्यातलं जंगल बुडणार. शहरात येणाऱ्या पाण्यातला किमान पाव हिस्सा गळती आणि चोरीत जातो हे पालिकाही मान्य करत आली आहे. पाव हिस्सा म्हणजे रोजचे ९७ कोटी लिटर, दोन गारगाई. जुन्या जलवाहिन्या बदलणं धरणापेक्षा किचकट काम आहे खरं: रस्ते खणावे लागतात, लोक ओरडतात, फीत कापायला काही उरत नाही. पण शाश्वत नियोजन या भारदस्त नावाखाली जी कामं येतात, त्यातली निम्मी अशीच बिनफितीची असतात.

आता पाऊस, कारण इथे हद्दीचा घोळ सगळ्यात उघडा पडतो. ब्रिटिश काळातल्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बांधल्या होत्या, तेही ओहोटी आहे असं धरून आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं मानून. नाल्यात किती पाणी येईल याचं अभियंत्यांचं सूत्र सोपं आहे: पावसाचा जोर गुणिले क्षेत्रफळ गुणिले न मुरणाऱ्या पाण्याचं प्रमाण. माती आणि गवत असेल तर हे प्रमाण कमी. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की ते एकाच्या जवळ सरकतं. म्हणजे पाऊस तेवढाच राहिला आणि जमीन झाकली गेली, तरी नाल्यात येणारं पाणी दुप्पट. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायला सांगितलं. कामाला खरा वेग २६ जुलै २००५ नंतर आला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात, एकाच दिवशी. ‘मुंबईचा पाऊस’ ही चीजच अस्तित्वात नाही हे तेव्हा कळलं, आणि मग शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले.

नंतर हाजीअली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी पंपघरं, झाली. ती हवीतच, कारण समुद्रात उघडणारी बहुतेक पातमुखं, म्हणजे पर्जन्यवाहिन्यांची तोंडं, भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. उधाण आलं की दरवाजे लावायचे आणि पाणी पंपाने उपसून टाकायचं. दादरजवळच्या हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी तर आता उद्यानाखालच्या आणि मैदानाखालच्या टाक्यांत साठवून ओहोटी लागली की सोडतात. पण पंप आणि टाक्या म्हणजे सूत्राच्या शेवटाला केलेला उपाय. सुरुवातीचा उपाय सोसायटीच्या कंपाउंडमध्ये आहे. हजार चौरस मीटरच्या आवारावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० हजार लिटर पाणी होतं, दहा हजारी टँकर पाच. ते शोषखड्ड्यात किंवा टाकीत अडवलं तर तेवढं नाल्यात जात नाही. हीच सोसायटी मे महिन्यात टँकर मागवते. मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण २००२ पासून सक्तीचं आहे. ते चालू आहे का हे मात्र ताबा मिळाल्यावर कुणी बघत नाही, आणि पहिल्याच दुरुस्तीत आवारावर पेव्हर ब्लॉक चढतात.

कचऱ्यात महापालिकेचा हात सगळ्यात लांब पोचतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. ओला कचरा ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. मग तिथे असे जिवाणू वाढतात की त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो. वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटीच्या आसपास. शिवाय तो पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं तेव्हा धुराचा लोट उपग्रहांनाही दिसला. तो धूर गोवंडी-मानखुर्दच्या, म्हणजे एम पूर्व वॉर्डाच्या फुप्फुसांत गेला. कचरा मात्र सगळ्या शहराचा होता. हद्दीची रेघ शहराच्या आतही असते, ती अशी.

तोच ओला कचरा हवेशीर ठेवून कुजवला तर मिथेन जवळजवळ होत नाही, खत होतं. बंद टाकीत कुजवला तर मिथेन होतो, पण तो पकडून चुलीला लावता येतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेलं ‘निसर्गऋण’ तंत्र हेच करतं. आणि या बाबतीत मुंबईकडे लोकांनी उभा केलेला अनुभव आहे: घाटकोपरच्या जोशी लेनमधून १९९०च्या दशकात पसरलेली एएलएमची, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनीच पालिकेच्या साथीने आपला परिसर सांभाळायची, चळवळ, स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना सोबत घेऊन १९९८ साली सुरू केलेला ‘परिसर विकास’. २०१७ मध्ये पालिकेने सांगितलं की २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा काढणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा. काहींनी केलं, काहींनी मुदती वाढवून घेतल्या, काहींनी यंत्र आणून जिन्याखाली ठेवलं.

एकूण उत्सर्जनात कचरा दहा टक्क्यांच्या आतच आहे. कार्बनच्या दृष्टीने पाहणारा म्हणेल, आधी विजेकडे बघा. पण वीज राज्याच्या आणि केंद्राच्या पातळीवर हलते; नाला, कचरा आणि बस वॉर्डात. गोवंडीच्या पत्र्याच्या छताला परावर्तक पांढरा रंग दिला तर खालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी जो फरक पडतो, तो टनांत मोजला तर किरकोळच भरेल. म्हणून शहराच्या आराखड्याला दोन वेगळ्या वह्या हव्यात: एक उत्सर्जनाची, एक उन्हा-पावसात कोणाचे किती हाल होतात त्याची. मुंबईच्या आराखड्यात दोन्ही आहेत, पण मथळे पहिलीलाच मिळतात.

पैशाच्या बाजूने बरं पाऊल पडलंय. जून २०२४ मध्ये पालिकेने आपला पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. ओस्लोने आधी रुळवलेली ही रीत. भांडवली खर्चातली कुठली रक्कम हवामानाच्या कामाची, ते त्यात वेगळं दाखवलंय. मात्र आराखडा जाहीर झाला त्याच्या सहाच दिवस आधी, ७ मार्च २०२२ ला, नगरसेवकांची मुदत संपली होती. पुढची निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. २०३० पर्यंतच्या आठ वर्षांतली जवळपास चार वर्षं तुमच्या प्रभागाच्या नाल्याबद्दल सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं.

आता नगरसेवक आहेत. त्यांच्याकडे मागायचं ते काही अवघड नाही: प्रभागातून रोज किती ओला कचरा बाहेर जातो, तिथली पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटरची आहे की ५० ची, जलवाहिनी किती साली टाकलेली आहे. कचऱ्याच्या गाड्या काट्यावर तोलल्या जातातच, पर्जन्यमापकांच्या नोंदी होतच असतात. हे आकडे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर महिन्यातून एकदा लावायला नवा आराखडा लागत नाही.