कुडकुडता न येणारे बाळ

थंडी वाजली की मोठी माणसे कुडकुडतात आणि स्नायूंच्या त्या थरथरीतून शरीराला ऊब मिळते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मात्र ही सोय जवळपास नसतेच. आईच्या पोटातल्या सुमारे ३७ अंश सेल्सिअसच्या उबेतून ते ओल्या अंगाने थेट २५-२६ अंशांच्या खोलीत येते आणि अंगावरचे पाणी वाळता वाळता त्याची उष्णता घेऊन जाते. त्यातच वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा, तर त्वचेखालची चरबी पातळ असते. डोकेही शरीराच्या मानाने मोठे असल्याने टोपडे हा केवळ हौसेचा प्रकार नव्हे.

बाळाची खरी शेगडी असते ती मानेभोवती, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली तपकिरी चरबी. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक, खच्चून भरलेले असतात आणि त्यांतल्या लोहामुळे तिला हा रंग येतो. इतर पेशींत अन्नातली ऊर्जा रासायनिक रूपात साठवली जाते, तर येथे थर्मोजेनिन नावाचे प्रथिन ती साठवण टाळून ऊर्जेची सरळ उष्णता करते. मात्र या शेगडीला प्राणवायू भरपूर लागतो आणि बाळाजवळची साखरही झपाट्याने खर्ची पडते, म्हणून गारठलेले बाळ सुस्तावते, दूध ओढत नाही आणि आणखी गारठते. जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची आपल्याकडची घाई त्यामुळेच चुकीची आहे. अंग कोरडे करावे, पण पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तपकिरी चरबी मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत साठते, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शेगडी पेटण्याआधीच रिकामी असते. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, इनक्युबेटर अपुरे पडत असताना, अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. या पद्धतीलाच आता कांगारू मातृ काळजी म्हणतात. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या बाळांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी १५.७ टक्के. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. नवजात अतिदक्षता विभागात बाळंतिणीची खाट तेवढी हलवावी लागली.