पार्श्वभूमी : जर्मनीतले पोटॅश आणि बिशोफेरोडची खाण

द्राक्षबागायतदार ठिबकातून शून्य-शून्य-पन्नास हे खत सोडतो, केळीवाला लाल पोटॅशची गोणी फोडतो. दोन्हींतले पालाश, म्हणजे पोटॅश, जमिनीखालच्या खनिजातून येते आणि ते आपण जवळजवळ पूर्णपणे आयात करतो. धातूही नाही आणि इंधनही नाही अशा या खनिजांची, म्हणजे चिनी माती, संगजिरे, जिप्सम, पोटॅश यांची, बातमी सहसा होत नाही. गोणीचा भाव वाढला की तेवढ्यापुरती चर्चा होते. वास्तविक पोटॅश शेतापुरतेही नाही. काडेपेटीच्या गुलातले क्लोरेट, रक्तदाबवाल्यांसाठी विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ, मऊ साबण, काही प्रकारच्या काचा, या सगळ्यांत पोटॅशियमची संयुगे आहेत.

युरोपात हा उद्योग जर्मनीत सुरू झाला, तोही मिठाच्या शोधातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने श्टासफुर्ट येथे साध्या मिठासाठी विहिरी खोदल्या. मिठाच्या थरावर कडवट, रंगीत क्षारांचा थर लागला. तो बाजूला काढून टाकायचा कचरा समजला गेला. पिकाला पालाश लागते हे शेतीरसायनशास्त्राने तोवर मांडले होतेच. त्यामुळे 1861 मध्ये या कचऱ्यापासून खत करणारा पहिला कारखाना तिथे निघाला. पहिल्या महायुद्धापर्यंत जगाचा पोटॅशपुरवठा व्यवहारात जर्मनीच्या मुठीत होता. युद्धात निर्यात थांबली, तेव्हा अमेरिकेने समुद्रातले शेवाळ जाळून पोटॅश काढून पाहिले. पुढे जर्मनीकडे असलेला अल्सास प्रांत फ्रान्सकडे गेला, त्याबरोबर तिथल्या खाणीही गेल्या. मग 1924 मध्ये दोन्ही देशांच्या उत्पादकांनी बाजार वाटून घेतला. कोणी किती खणायचे हे साठ्यापेक्षा करारावर ठरायचे, ही या धंद्याची जुनी खोड. पुढचे प्रकरण समजायला ती लक्षात ठेवावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर साठ्यांचा मोठा वाटा पूर्व जर्मनीत राहिला. पोटॅश विकून परकीय चलन मिळे, म्हणून सरकारने खाणी जोरात चालवल्या. सोव्हिएत संघ आणि कॅनडाच्या खालोखाल उत्पादन पूर्व जर्मनीचे होते आणि तीस हजारांहून अधिक माणसे या धंद्यात होती. 1990 मध्ये एकीकरण झाले आणि नेमकी त्याच सुमारास बाजारात मंदी आली. पूर्व युरोपातली शेती कोलमडली, खताची मागणी घटली आणि रशिया-बेलारूसचा स्वस्त माल पश्चिमेकडे वळला. पूर्वेकडच्या खाणी एकामागून एक बंद होऊ लागल्या. सरकारी मालमत्ता विकायला नेमलेल्या संस्थेने उरलेल्या खाणींची एक कंपनी केली आणि 1992 च्या अखेरीस ती पश्चिमेकडच्या एकमेव मोठ्या उत्पादकात विलीन करायचे जाहीर केले. त्या उत्पादकाला 51 टक्के, सरकारी संस्थेला 49 टक्के आणि वर सरकारकडून एक अब्ज मार्कांहून अधिक रक्कम.

या योजनेत बंद होणाऱ्या खाणींच्या यादीत बिशोफेरोड होती. पूर्वेकडच्या थुरिंगिया राज्यातल्या आइक्सफेल्ड या कॅथलिक पट्ट्यातले हे गाव. खाण 1910 च्या आसपासची, साम्यवादी काळात टोमास म्युंत्झर या शेतकरी-बंडाच्या पुढाऱ्याचे नाव दिलेली. इथल्या क्षाराचा दर्जा चांगला होता आणि पश्चिम युरोपात त्याचे बांधलेले ग्राहक होते. खाण मोडीत निघालेली नव्हती, हा कामगारांचा मुख्य मुद्दा. तीच गिऱ्हाइके पश्चिमेकडच्या खाणींनाही हवी होती, हा त्यांचा आरोप. विलीनीकरणाचा करार गुप्त ठेवल्यामुळे आरोप खोडला जाईना आणि सिद्धही होईना. 1993 च्या वसंतात कामगारांनी खाण ताब्यात घेतली. 1 जुलैला काहींनी उपोषण सुरू केले. ते 81 दिवस चालले. ‘बिशोफेरोड सगळीकडे आहे’ ही घोषणा पूर्व जर्मनीभर पोहोचली, कारण नोकरी गेलेली माणसे खरोखरच सगळीकडे होती.

दरम्यान प्रकरण ब्रुसेल्सला युरोपीय संघाच्या स्पर्धा-नियामकांकडे गेले. दोन्ही कंपन्या एक झाल्या की जर्मन बाजाराचा सुमारे 98 टक्के हिस्सा एकाच हाती जाणार होता. साध्या हिशेबाने हे नामंजूर व्हायला हवे. तरीही 14 डिसेंबर 1993 ला मंजुरी मिळाली. तर्क असा : पूर्वेकडची कंपनी एकटी तगणार नाही. ती बुडाली तर तिचे ग्राहक तसेही पश्चिमेकडच्याच कंपनीकडे जातील. आणि तिला घ्यायला दुसरा कोणी नाही. मग विलीनीकरणाने स्पर्धेचे वेगळे नुकसान होते असे म्हणता येत नाही. बुडत्या कंपनीचा हा बचाव युरोपीय विलीनीकरण कायद्यात पहिल्यांदा मान्य झाला तो इथे, आणि आजही कायद्याच्या वर्गात हे प्रकरण शिकवतात. अटी घातल्या त्या निर्यातीच्या सामायिक विक्रीव्यवस्थेतून बाहेर पडण्याच्या आणि फ्रेंच उत्पादकाशी असलेले विक्रीचे संबंध बदलण्याच्या.

कामगारांची अडचण यातल्या तिसऱ्या पायरीशी होती. त्यांची एक खाण वेगळी चालवायला पश्चिमेकडचाच एक उद्योजक पुढे आला होता. त्याला नकार मिळाला. संपूर्ण कंपनीला गिऱ्हाईक नाही, हे खरे असू शकते. पण ज्या खाणीला गिऱ्हाईक आहे ती बंद का करायची, याचे उत्तर त्यातून निघत नाही. 31 डिसेंबर 1993 ला शेवटची पाळी वर आली. सुमारे 700 माणसांना नुकसानभरपाई आणि काही काळ पर्यायी कामाची हमी मिळाली.

फ्रान्स या मंजुरीविरुद्ध न्यायालयात गेला. 1998 मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय रद्द केला. अटी घातल्या त्या जर्मन आणि फ्रेंच उत्पादक मिळून बाजारावर वर्चस्व गाजवतील या भीतीने, पण ते पुरेसे सिद्ध झाले नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे. बुडत्या कंपनीचा तर्क मात्र न्यायालयाने उचलून धरला. त्याच वर्षी विलीनीकरणाला पुन्हा मंजुरी मिळाली. बिशोफेरोडला याचा काहीच उपयोग नव्हता, कारण तोवर चार वर्षे उलटून गेली होती. कराराचा मजकूर 2014 मध्ये बाहेर आला, तेव्हा जुन्या खाणी सांभाळण्याचा बराचसा भार सरकारी तिजोरीवर टाकल्याचे दिसले.

जर्मनीतले बरेचसे उत्पादन पुढे वेरा नदीच्या खोऱ्यात एकवटले. तिथल्या दोन थरांची नावे ‘थुरिंगिया’ आणि ‘हेसन’ अशी आहेत. ‘हेसन’ वर, ‘थुरिंगिया’ खाली. खांब सोडून खणायची पद्धत असल्याने वरची जमीन त्या खांबांवर तोललेली असते. 1989 च्या मार्चमध्ये एका खाणीत हे खांब कोसळले, भूकंपासारखा धक्का बसला आणि फोल्कर्सहाउझेन गावाची पडझड झाली. वर आणलेल्या दगडातला बहुतेक भाग पालाश नसतोच. तो साधे मीठ असतो आणि गावाबाहेर साचतो. हेरिंगनजवळचा पांढरा डोंगर 20 कोटी टनांहून मोठा झाला आहे, पर्यटक त्यावर चढतात. पाऊस पडला की मीठ विरघळून खाली येते. वेरा नदी या खारवटपणापायी शतकभर वादात आहे. खारे पाणी जमिनीत खोलवर मुरवण्याची 1920 च्या दशकातली पद्धत 2021 च्या अखेरीस थांबली.

2022 मध्ये बेलारूसवर निर्बंध आले, लिथुआनियाने आपल्या बंदरातून तिथला माल नेणे बंद केले आणि जगभर पोटॅशचे भाव चढले. तरीही 2023 च्या युरोपीय ‘निर्णायक कच्च्या मालाच्या’ यादीत फॉस्फेट आहे, पोटॅश नाही. हे चमत्कारिक वाटते, पण निकष सोपा आहे : मालाच्या महत्त्वाबरोबर तुटवड्याचा धोकाही मोजतात, आणि पोटॅश घरी निघते असे गृहीत आहे. घरी म्हणजे बरेचसे वेरा खोऱ्यात. आता बिशोफेरोडपासून फार लांब नसलेल्या ओमगेबिर्गे भागात एका परदेशी कंपनीने नवी खाण सुचवली आहे.