रामदास खडकावर फुटली नव्हती

कोकणात आजही सांगतात, 'रामदास बोट काशाच्या खडकावर आपटली आणि फुटली.' खडक जवळ होता, एवढंच त्यात खरं. बोट फुटलीच नाही, ती कलंडली.

17 जुलै 1947. गटारी जवळ आलेली, त्यामुळे गावी निघालेले चाकरमानी बरेच. सकाळी आठच्या सुमारास बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवस बंदराकडे सुटली. बाहेर ऐन पावसाळ्याचा खवळलेला दर्या. अर्ध्या-पाऊण तासात एक मोठी लाट बाजूने आदळली, बोट झुकली. भिजलेली, घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली. खरा घात इथे झाला. शेकडो माणसांचं वजन एकदम सरकलं की बोटीचा तोल जातो, आणि सावरायच्या आत पुढची लाट येते. काही मिनिटांत सगळं संपलं. सहाशेहून अधिक माणसं गेली.

'मुंबईने मदत पाठवली नाही' हाही राग ऐकू येतो. पण बोटीवर वायरलेस नव्हता, मग कळवणार कोण? पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून शहराला बातमी कळली तेव्हा दुपार झाली होती. तोवर जे वाचवले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी, आपल्या होड्यांत ओढून घेऊन.

खडकाची गोष्ट टिकली, कारण ती सांगायला सोपी. शिवाय महिन्याभरात स्वातंत्र्य आलं. वर्तमानपत्रांत रामदासला जागा उरली नाही.