टेस्ला कॉइल आणि नारळ-लिंबाचा झोका

"सर, ही वीज अंगावरून सरकून जाते, आत शिरतच नाही." बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववीच्या मुलानं मला ठासून सांगितलं. विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेनं सेकंडहँड टेस्ला कॉइल, म्हणजे लाखो व्होल्ट तयार करून हवेत ठिणग्या फेकणारं यंत्र, आणली होती आणि ती लावून द्यायला मी गेलो होतो. हेच वाक्य मी इंजिनिअरिंगच्या मुलांकडूनही ऐकलंय, म्हणून आधी त्याचाच हिशोब करू.

जास्त वारंवारतेचा प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागालगत वाहतो, एवढं खरं. या कॉइलमध्ये सेकंदाला सुमारे अडीच लाख आवर्तनं होतात, आणि तेवढ्या वारंवारतेला तांब्यात प्रवाह जेमतेम ०.१३ मिलिमीटर खोल जातो. पण आपलं शरीर तांब्यापेक्षा सुमारे १० कोटी पटींनी कमी वाहक आहे. खोली या आकड्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणजे १० हजार पट. उत्तर येतं सव्वा मीटरहून जास्त. एवढी जाड छाती कुणाची नसते, त्यामुळे प्रवाह सरळ आतून जातो.

मग झटका का जाणवत नाही? कारण इतक्या वेगानं दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला मज्जातंतू प्रतिसादच देऊ शकत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्वाल यांनी १८९०च्या दशकात हे दाखवून दिलं. ऑपरेशन थिएटरमधली कॉटरी याच तत्त्वावर चालते. काही लाख आवर्तनांचा प्रवाह मांस कापतो, जाळतो, पण स्नायू आखडत नाहीत. झटका बसला नाही म्हणून इजा झाली नाही असं समजणारा माणूस आतून भाजलेला असू शकतो.

जीव घेणारा भाग मात्र खाली, पेटीत असतो. निऑनच्या पाट्यांचा जुना ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १५,००० व्होल्ट करतो आणि ३० मिलिअँपिअर देतो, तेही साध्या ५० हर्ट्झवर. एवढा प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. घरातलं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, इथं कामाला येत नाही. ते मेनच्या बाजूची गळती मोजतं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं कुणाला शॉक बसला तरी त्याला पत्ता लागत नाही.

शाळेतली पेटी उघडली. आत १५ छोटे कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे भाग, एकापुढं एक जोडलेले होते, प्रत्येकी ०.१५ मायक्रोफॅरड आणि २,००० व्होल्टचे. मिळून १० नॅनोफॅरड. प्रत्येकावर भार निचरून जाण्यासाठी एक रेझिस्टर होता, पण चौथ्याची तार तुटलेली. अशा कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही भार राहू शकतो. लांब पीव्हीसी दांड्याला अर्थ केलेली तार बांधून मी पंधराही कपॅसिटर एकेक करून शॉर्ट केले, आणि मगच आत हात घातला. स्पार्क गॅप, म्हणजे पेटीतली छोटी ठिणगी जिथं उडते ती फट, तोही गरजेपेक्षा रुंद होता. ठिणगी लांब यावी म्हणून लोक तो वाढवतात, आणि बळी जातो ट्रान्सफॉर्मरचा.

वरच्या पाइपवर गुंडाळलेल्या तारेच्या हजारभर वेढ्यांच्या मधोमध बोटभर काळी रेघ दिसली. खानापूरच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या कॉइलवर ओलसर धूळ साचते, आणि ठिणगी हवेत जायचं सोडून वेढ्यांवरूनच खाली उतरते. जळून झालेला कार्बन वाहक असतो, त्यामुळे पुढची ठिणगी तीच वाट धरते. रेघ खरवडली, कॉइलला दोन दिवस ऊन दिलं आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून इन्सुलेटिंग व्हार्निशचे दोन हात मारून घेतले.

आता माझ्या आवडीचा भाग. दोन खांबांमध्ये दोरी बांधा. तिला सारख्याच लांबीच्या सुतळ्यांनी एक नारळ आणि एक लिंबू टांगा. दोरीला आडव्या दिशेनं नारळाला हलकेच झोका द्या. थोड्या वेळानं नारळ मंदावतो आणि लिंबू त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे झोके घेऊ लागतं. ऊर्जा तेवढीच, पण वस्तू हलकी म्हणून झोका मोठा. आता लिंबाची सुतळी चार बोटं लांब करा. लिंबू नुसतं चुळबुळतं.

टेस्ला कॉइल म्हणजे हेच. खालचा १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि ४० मायक्रोहेन्रीची जाड वेटोळी हा नारळ. वरची २० मिलिहेन्रीची कॉइल आणि तिच्या डोक्यावरच्या कड्याची २० पिकोफॅरड धारकता (भार साठवायची क्षमता) हे लिंबू. दोन्हीकडं गुणाकार करून बघा, सारखाच येतो. हा गुणाकार म्हणजे सुतळीची लांबी, कारण वारंवारता त्याच्यावरच ठरते. ट्रान्सफॉर्मरचे १५,००० व्होल्ट प्रत्येक आवर्तनाच्या शिखरावर २१ हजारांच्या आसपास जातात, त्यामुळे कपॅसिटर २० हजार व्होल्टला भरला की त्यात २ ज्यूल साठतात. तेच २ ज्यूल ५०० पटींनी लहान धारकतेत गेले तर व्होल्टेज ५००च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे साडेबावीस पट चढतं. कागदावर साडेचार लाख व्होल्ट. प्रत्यक्षात स्पार्क गॅप आणि तार त्यातला बराच वाटा खातात.

त्यामुळेच वापरलेल्या कॉइलवर "नवव्या वेढ्याला जोडा" असं लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नये. आधीच्या मालकानं मूळ कडं हरवून ॲल्युमिनियमच्या डक्टचं मोठं कडं बसवलं होतं. म्हणजे लिंबाची सुतळी लांबली होती, आणि नारळाचीही लांबवणं भाग होतं. जोडणीचा चिमटा खालच्या वेटोळीच्या बाहेरच्या वेढ्यांकडं सरकवायचा. दर वेळी प्लग काढून, कपॅसिटर शॉर्ट करून.

कॉइलचं खालचं टोक घराच्या अर्थिंगला जोडू नका, नाहीतर अडीच लाख हर्ट्झची वीज सगळ्या वायरिंगमध्ये शिरून टीव्ही आणि कॉम्प्युटर बिघडवेल. त्यासाठी वेगळा रॉड ठोका. चिक्कोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत ओल टिकते, पण खानापूरच्या जांभ्या दगडात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतल्याशिवाय रॉड नावापुरताच. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पेटीला मात्र मेनचं अर्थिंग हवंच.

चालू कॉइलजवळ हातातली ट्यूब वायरीशिवाय उजळते. ट्यूबमधल्या वायूला विद्युतक्षेत्र ढकलतं, एवढीच ती करामत. तिला दैवी शक्ती म्हणून पुढं करणारा भेटला तर त्याच्या मंडपामागचा प्लग शोधा. "टेस्लाची फुकट वीज" सांगणाऱ्या व्हिडिओंचंही तेच. आमची कॉइल कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा रिकामा करते, म्हणजे २०० वॅट खाते, आणि बाहेर देते त्याहून कमीच.

संध्याकाळी वर्गाच्या खिडक्या उघडल्या, कारण ठिणगीनं ओझोन तयार होतो. स्पार्क गॅपसमोर पत्रा उभा केला, कारण ठिणगीच्या अतिनील प्रकाशानं डोळ्यांना इजा होऊ शकते. पेसमेकर असलेल्या एका शिक्षकांना बाहेर बसायची विनंती केली. तीन मीटरवर दोरी बांधली आणि डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं बटण, शून्यापासून हळूहळू वाढवला. नवव्या वेढ्याला वीतभर ठिणगी आली, दहाव्याला दीड वीत, साडेअकराव्याला हातभर जांभळी फांदी कडाडत हवेत गेली. बाराव्याला ती पुन्हा आखडली. चिमटा साडेअकराव्यावर आणून पक्का केला आणि वेढ्याला लाल रंगाची खूण केली.