विनोदी सुरक्षा-लघुपट

विनोदी सुरक्षा-लघुपट : कार्यालयातली माहिती, यंत्रणा आणि जागा सांभाळण्याच्या सवयी कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडाव्यात म्हणून केलेल्या, सहसा एक ते तीन मिनिटांच्या विनोदी फिती. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवणे, संगणक उघडा टाकून चहाला जाणे, अनोळखी लिंक उघडणे, प्रिंटरवर कागद विसरणे, लोकलमध्ये शेजाऱ्याला दिसेल असा लॅपटॉप उघडणे हे त्यांचे नेहमीचे विषय. एका फितीत एकच चूक दाखवावी. दोन दाखवल्या की एकही लक्षात राहत नाही.

कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणात विनोद रुजवण्याचे मोठे श्रेय ब्रिटनमधील ‘व्हिडिओ आर्ट्स’ या प्रशिक्षणपट बनवणाऱ्या कंपनीला जाते. अभिनेते जॉन क्लीज आणि लेखक अँटनी जे यांनी इतर सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये ती सुरू केली. मराठी माणसाला ही वाट जुनीच आहे. एकनाथांच्या भारुडांनी आणि गाडगेबाबांच्या कीर्तनांनी लोकांना हसवत हसवतच त्यांचे कान उपटले. मुंबईत १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे छोटे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखवले जात. शिवाय कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा गाजवणारे हौशी नट इथल्या कचेऱ्यांतच सापडतात. बाहेरच्या नटापेक्षा आपल्याच लेखा विभागातले काका पडद्यावर दिसले, तर लोक फीत शेवटपर्यंत पाहतात.

रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार आणि कित्येक बँकांची मुख्यालये फोर्ट, नरिमन पॉइंट आणि वांद्रे-कुर्ला संकुलात असल्याने मुंबईत या विषयाला वेगळे वजन आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०१६ च्या सायबर सुरक्षाविषयक परिपत्रकात जागृतीवर भर आहे. ही जागृती बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा, ‘पुढे’ हे बटण दाबत संपवायच्या स्लाइडपुरती उरते. लघुपट कामाला येतो तो इथे.

नमुन्यादाखल एक प्रसंग. दिवाळीचा आठवडा. हनुवटीपर्यंत मिठाईचे चार डबे रचलेला माणूस काचेच्या दाराशी उभा आहे. ‘दादा, जरा दार धरता का?’ दादा आपले कार्ड लावून दार धरतात. पाहुणा आत येतो, डबे टेबलावर ठेवतो, मॉनिटरला चिकटवलेल्या पासवर्डचा फोटो काढतो आणि ‘हॅपी दिवाळी’ म्हणून जातो. डबे उघडले, तर आत याच कचेरीने तुकडे न करता रद्दीत विकलेले कागद. दुसऱ्याच्या मागोमाग आत शिरण्याच्या या युक्तीला टेलगेटिंग म्हणतात. दादांनी केले ते कोणीही केले असते. त्यांचा चांगुलपणाच चोराने वापरला, आणि हा प्रसंग मनात घर करतो तो म्हणूनच.

विनोद कोणावर करायचा, हा या प्रकारातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. फसलेल्या कारकुनाला पडद्यावर बावळट ठरवले, तर उद्या खरोखर फसलेला माणूस तोंड उघडत नाही. इथे तर वेळच निर्णायक. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी, असे ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त. म्हणून हसे व्हावे ते चोराच्या थापांचे आणि आपल्या घाईचे. शेवटच्या दृश्यात फसलेल्याने फोन उचलून ‘माझ्याकडून चूक झालीय’ असे सांगावे आणि पलीकडून ‘बरं झालं लगेच सांगितलंत’ हे उत्तर यावे. फितीचा परिणामही त्यावरूनच जोखावा : चाचणीसाठी पाठवलेल्या बनावट मेलवर किती जणांनी क्लिक केले यापेक्षा किती जणांनी तो कळवला, आणि किती लवकर, हे महत्त्वाचे.

मेलवर फीत धाडून भागत नाही. शिपाई, सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांच्याकडे अनेकदा कंपनीचा मेलच नसतो. रात्री आठनंतर कार्यालय मात्र त्यांच्याच हाती असते. त्यांच्यासाठी फीत पाळी बदलताना, कँटीनच्या टीव्हीवर, मराठीत किंवा हिंदीत दाखवावी लागते. आवाज बंद असला तरी कळावी म्हणून अक्षरे ठळक हवीत. रक्षकांसाठीच्या फितीत एक दृश्य असायलाच हवे : नवखा रक्षक घाबरत ‘साहेब, कार्ड?’ विचारतो, आणि सर्वांत मोठे साहेब दारातच थांबून, सगळे खिसे चाचपून, कार्ड काढून दाखवतात.