फोममध्ये कोरलेली पाटी : ऑर्डर देण्याआधी आणि पाटी लावल्यानंतर

कोरीव पाटीवरचा मजकूर सावलीमुळे उठतो. वरून ऊन पडले की उठावाच्या अक्षराखाली गडद रेघ उमटते. खोल कोरलेल्या अक्षराची एक उतरण उजळते, दुसरी काळवंडते. छापील पाटीत हे रंगाने भासवावे लागते, इथे ते खरोखर घडते. म्हणून ऑर्डर घेताना आमचा पहिला प्रश्न असतो किती खोल कोरायचे हा. रंगाचे बोलणे त्यानंतर.

पाटी किती वर्षे टिकेल, हे मात्र कोरीव कामावर ठरत नाही. ते ठरते तिच्यावरच्या रंगाच्या थरावर आणि ती भिंतीला कशी धरली आहे यावर. या पत्रकात त्या दोन गोष्टींना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

बोर्ड कोणता

हा फोम म्हणजे थर्माकोल नाही आणि सनबोर्डही नाही. हा कडक पॉलियुरेथेनचा दाट बोर्ड, धंद्यात त्याला एचडीयू म्हणतात. बोटाने दाबला तर दबत नाही, नखाने जोर लावला तर ओरखडा उठतो. त्याला लाकडासारखे रेषे नसतात, त्यामुळे कोरणाऱ्या यंत्राचे, म्हणजे राउटरचे, टोक कुठल्याही दिशेने फिरवले तरी ढलपी निघत नाही. तो पाणी शोषत नाही, म्हणून फुगत नाही, तडकत नाही, कुजत नाही. वाळवीला त्यात खाण्यासारखे काही नसते.

घनमीटरला २४० किलो आणि २९० किलो अशा दोन घनता आम्ही वापरतो. जुन्या मापात त्या १५ पौंडी आणि १८ पौंडी. बहुतेक पाट्यांना पहिली पुरते. बारीक अक्षरे असतील किंवा पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागेल अशा उंचीवर असेल, तर दुसरी घ्या. तिची छिद्रे बारीक असतात आणि कड सहज तुटत नाही. १६० किलोचा हलका बोर्डही मिळतो, पण तो उंचावरच्या जाड, ढोबळ आकारांपुरताच. अक्षरांसाठी आम्ही तो घेत नाही.

वजनाचा अंदाज असा : १.२ मीटर × ०.९ मीटर मापाची, ५० मिमी जाडीची पाटी २४० किलोच्या बोर्डात साधारण १३ किलो भरते. तेवढीच सागवानी फळी ३५ किलोच्या आसपास जाईल.

दोष तीन, तेही आधीच सांगितलेले बरे. उघडा फोम उन्हात पिवळा, मग तपकिरी पडतो आणि वरून भुकटी सुटते. त्यात स्क्रू धरत नाही. आणि तो जळतो, त्यामुळे धुराडे, भट्टी किंवा तापणाऱ्या हॅलोजन दिव्याजवळ ही पाटी लावू नका. एलईडी दिवा चालतो.

अक्षरे

लांबून वाचायच्या पाटीसाठी धंद्यातला जुना ठोकताळा आहे : दर ३ मीटर अंतराला २५ मिमी अक्षराची उंची. पाटी १५ मीटरवरून आरामात वाचता यायला हवी असेल तर अक्षर १२५ मिमी. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागा त्यावर वेगळी धरायची, नाहीतर कागदावर बसलेली ओळ बोर्डावर दाटीवाटीची होते.

खोल अक्षरे व्ही आकाराच्या टोकाने कोरतात आणि इथे साधी भूमिती चालते. ९० अंशांच्या टोकाने खोली रेषेच्या जाडीच्या निम्मी येते : २० मिमी जाड रेषेला १० मिमी. ६० अंशांचे टोक लावले तर तीच रेषा १७ मिमीहून थोडी अधिक खोल जाते आणि सावली दाट पडते. पण त्याच टोकाने ३० मिमीची रेषा कोरायला २६ मिमी खोली लागते, आणि २५ मिमीचा बोर्ड आरपार फाटतो. अशा वेळी बोर्ड जाड घ्यावा, ९० अंशांवर यावे किंवा अक्षराचा तळ सपाट ठेवावा. तळाखाली निदान १२ मिमी फोम शिल्लक राहिलाच पाहिजे.

देवनागरीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. काना शिरोरेषेला मिळतो त्या सांध्यात मोकळी जागा रुंदावते, आणि रुंदी वाढली की व्हीचे टोक आपोआप खाली उतरते. शिरोरेषा आणि काना दोन्ही २० मिमी असतील, तर सांध्यात खोली १० ऐवजी १२.५ मिमी होते. म्हणजे 'मामा' या शब्दात प्रत्येक दांड्याच्या डोक्यावर एक छोटा खळगा पडतो. दिसायला तो छानच दिसतो, मात्र बोर्डाची जाडी ठरवताना तो मोजायला हवा.

उठावाच्या अक्षरांत अडचण उलटी असते. शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे शब्द मजबूत होतो. एकटा पडतो तो अनुस्वार. ८ मिमीहून लहान टिंब पॉलिश पेपरच्या एका फटक्याने उडते, म्हणून ते थोडे मोठे आणि बुडाशी रुंद कोरतो. 'क', 'फ', 'ळ' यांच्या गाठींच्या आतली जागा ३ मिमीपेक्षा अरुंद असेल, तर ३ मिमीचे टोक आत शिरत नाही आणि गाठ बुजलेली राहते. छोट्या अक्षरांना बारीक वळणाचा फॉन्ट शोभत नाही तो यामुळेच.

फाईल पाठवताना अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकारांत, बदलून पाठवा. आमच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. काही सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेले दिसते. दुसरी चूक पडद्यावर दिसतच नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. ते जोडून एकसंध केले नाहीत, तर राउटर प्रत्येक तुकड्याची कड वेगळी कापतो आणि शिरोरेषेवर दर दोन अक्षरांमध्ये आडवा छेद पडतो. हे जोडकाम आम्ही करतो. मंजुरीसाठी पाठवलेला नमुना मात्र एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा बोटाने दाखवत वाचा, जमल्यास घरातल्या दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घ्या. कोरलेले अक्षर पुसता येत नाही.

राउटरवर काय होते

आधी जाड टोकाने नको तो फोम काढून टाकतात, मग गोल टोकाने बारीक फेऱ्या मारतात. पाने, फुले, चेहरा असे गोलाईचे काम असेल तर दोन फेऱ्यांमधले अंतर किती ठेवायचे, यावर गुळगुळीतपणा आणि वेळ दोन्ही अवलंबून असतात. ६ मिमीच्या गोल टोकाने १.५ मिमी अंतर ठेवले तर फेऱ्यांमध्ये ०.१ मिमीच्या जवळपास उंचीच्या वरंब्या राहतात. प्रायमरखाली त्या बऱ्याचशा लपतात, पण तिरप्या उन्हात दिसतात. अंतर ०.५ मिमी केले तर वरंबी ०.०१ मिमीवर येते, म्हणजे नसल्यासारखीच. मात्र ९०० × ६०० मिमीच्या नक्षीवर टोकाला १,०८० मीटर चालावे लागते. मिनिटाला ५ मीटर वेगाने हे साडेतीन तासांहून जास्त होते, १.५ मिमी अंतराने सव्वा तासाच्या आत उरकते. उंचावरच्या पाटीला जास्त बारीक फेऱ्यांचा आग्रह धरू नका, तो खर्च खालून दिसत नाही. डोळ्यांसमोरच्या पाटीला मात्र तो जरूर करा.

गोल टोक आतल्या कोपऱ्यात काटकोन करू शकत नाही, ३ मिमीची गोलाई सुटते. जिथे कोपरा टोकदार हवा तिथे शेवटचा हात पटाशीचा.

जाडी वाढवण्यासाठी दोन बोर्ड चिकटवावे लागतात. पॉलियुरेथेन गोंद ओलाव्याने धरतो आणि फोममध्ये ओलावा नसतो, म्हणून एका बाजूला गोंद पसरून दुसऱ्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, मग सगळीकडे सारखा दाब देऊन रात्रभर ठेवायचे. फवारा राहिला तर मधला भाग कच्चा राहतो आणि कोरताना थर सुटतो. वाळलेली गोंदाची रेघ फोमपेक्षा कडक असते. घासताना फोम झिजतो, रेघ वर राहते. त्यामुळे जोड दर्शनी अक्षरातून जाणार नाही अशी आखणी आधीच करतो.

प्रायमर आणि रंग

खोदकामापेक्षा इथे जास्त दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत. कापलेल्या फोमवर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे उघडी असतात. आधी हवेने आणि ब्रशने सगळा भुसा काढायचा, कारण भुशावर लावलेला प्रायमर भुशालाच चिकटतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. मग पाण्यात मिसळणाऱ्या जाड प्रायमरचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर. एकच जाडजूड हात देऊन वेळ वाचवता येत नाही. प्रायमर व्हीच्या तळाशी साचतो, धारदार तळ गोल होतो आणि ज्या सावलीसाठी कोरले तीच मऊ पडते. ऑइल पेंट थेट फोमवर लावू नये, तो बरेच दिवस चिकट राहू शकतो. वाळलेल्या प्रायमरवर चालतो.

त्यावर बाहेरच्या वापराच्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात. मागची बाजू, कडा आणि बोल्टची भोकेही रंगवतो, कारण ऊन आणि हवा फक्त समोरून येत नाहीत.

गडद रंग मागणाऱ्यांना एक सूचना आवर्जून देतो. काळा किंवा गर्द निळा पृष्ठभाग भर उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापू शकतो. अशा तापण्याने १२ मिमीसारखा पातळ, मोठा बोर्ड बाक धरतो आणि जोडाची रेघ रंगाखालून उमटू लागते. पश्चिमेच्या भिंतीवर अक्षरांमागचा रंग गडद हवाच असेल तर जाडी ३८ मिमीच्या खाली नको, आणि दर्शनी भाग शक्यतो एकाच अखंड बोर्डातून काढावा.

सोनेरी अक्षरांसाठी सोनेरी रंग आणि खरा वर्ख यांत मोठा फरक आहे. रंग काही वर्षांत मळकट होतो, २३ कॅरेटचा वर्ख बाहेर काळा पडत नाही. पितळी वर्ख मात्र पडतो, आणि त्याला वरून वार्निशची गरज लागते. खऱ्या वर्खावर आम्ही वार्निश देत नाही, कारण सोन्याच्या आधी वार्निशच पिवळे पडून सोलते. वर्ख बसवण्याआधी लावलेला चिकट थर नेमका किती वाळला, हे बोटाचे पेर टेकवून पाहतात. पेर उचलताना बारीकसा 'टिक' आवाज आला आणि बोटाला काही लागले नाही, की वेळ झाली. त्याआधी वर्ख ठेवला तर तो बुडतो आणि निस्तेज होतो.

भिंतीवर लावताना

हलकी पाटी म्हणून दोन खिळ्यांवर टांगण्याचा मोह होतो. वजन इथे गौण आहे, जोर असतो वाऱ्याचा. ताशी १४४ किमी वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोचा दाब देतो. म्हणजे वर सांगितलेल्या १३ किलोच्या पाटीला वादळात १०० किलोहून जास्त रेटा सोसावा लागू शकतो. बसवणी त्या हिशेबाने करायची.

५० मिमी पाटीच्या पाठीत ३५ मिमी खोल भोके पाडतो, समोरच्या बाजूला तिथे खोल अक्षर येत नाही हे पाहून. भोक सळईपेक्षा २ मिमी मोठे. भुसा उडवून आत इपॉक्सी आणि स्टेनलेस स्टीलची आट्यांची सळई. पुढचे २४ तास त्याला हात लावायचा नाही. १.२ मीटरच्या पाटीला निदान सहा सळया. भिंतीच्या भोकांसाठी पाटीसोबत त्याच मापाचा कागदी साचा मिळतो. तो ओळंबा-लेव्हल बघून चिकटवा आणि त्यावरूनच ड्रिल करा, पाटी हातात धरून खुणा करू नका. पाटी आणि भिंत यांत १० ते १२ मिमी पोकळी ठेवा म्हणजे मागे पाणी साचत नाही. नट पुढून येत असेल तर खाली रुंद वायसर घाला आणि हाताने घट्ट बसला की थांबा. पान्याने आवळत राहिले की फोम चेपतो आणि पकड उलट सैल होते.

दुतर्फा टांगायच्या पाटीत दोन बोर्डांच्या मध्ये चर पाडून अ‍ॅल्युमिनियमची चौकट बसवतो. कड्या त्या चौकटीला जोडलेल्या असतात, फोमला कधीच नाही.

लावल्यानंतर

मऊ कापड, पाणी, सौम्य साबण. प्रेशरचे पाणी नको, थिनर नको. वर्खावर फक्त पाणी, आणि घासायचे नाही. वेल किंवा फांदी पाटीवर घासत असेल तर ती छाटा. एकाच जागी रोज झिजणारा रंग फोम उघडा पाडतो.

वर्षातून एकदा जवळून पाहा. ओरखड्यातून पिवळसर फोम दिसत असेल तर तिथे लगेच रंग लावा, त्यासाठी पाटीच्या रंगाची छोटी बाटली सोबत दिलेली असते. कड तुटली असेल तर दोन भाग मिसळून वापरायची गाडीच्या पत्र्याची लांबी (पुट्टी) चालते. ती फोमपेक्षा कडक असल्याने बोटाखाली धरलेल्या पेपरने घासली तर भोवतालचा फोम खोल जातो आणि दुरुस्तीभोवती कडे दिसू लागते. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, प्रायमर लावा, तो वाळू द्या आणि मग बाटलीतला रंग.